ताशी दहाचा माणूस

नागझिऱ्याच्या भोवतालच्या गावांत वाघ दिसायला नशीब लागतं. हा मात्र रोज दिसतो. उजाडता उजाडता चोरखमाऱ्याच्या सडकेवर धावत असतो, हातात मोबाइल, पाठीवर ‘मिशन वर्दी’. वनरक्षक भरतीत पुरुषांना 5 किलोमीटर 30 मिनिटांत धावावं लागतं, म्हणजे ताशी 10. आडनाव विचारलंत तरी तो आधी हाच आकडा सांगेल.

गाव त्याला रेल्वेवाला भाऊ म्हणतं. रेल्वेशी त्याचा संबंध तिकिटापुरताच. पण ‘काळ, काम, वेग’ या धड्यातल्या सगळ्या गाड्या त्याच्याच अंगणातून सुटतात. गाडी कधी येते असं कुणी विचारलं तर तो उलट विचारतो, “लांबी किती?”

त्याचं खरं रूप पाहायचं तर तिरोड्याकडच्या रेल्वे फाटकावर. कोळशाची मालगाडी निघालेली, लोक वैतागलेले, आणि याला पर्वणी. शेजारच्या मोटारसायकलवरल्या काकांना तो धरतो.

“काका, समजा गाडी 600 मीटर, ताशी 64. तुमी तिच्याच दिशेनं ताशी 10 नं पळता. वेगाची वजाबाकी, 54. पाच अठरांशानं गुना, सेकंदाले 15 मीटर. 40 सेकंदांत तुमाले ओलांडून गेली.”

“मी कायले पळू बापा? मी तं हितं उभा हाओ.”

“मंग तुमी खांब.”

यात अपमान नाही. माणसांचे त्याच्याकडे दोनच प्रकार: लांबी नसलेला तो खांब, असलेला तो पूल. दारात बसलेली आजी खांब. ग्रामसभा पूल, तिची लांबी धरावीच लागते. आणि खिडकीशी बसलेला प्रवासी? तोही खांबच, फक्त पळणारा. समोरची गाडी त्याला किती वेळात ओलांडेल, या प्रश्नात निम्मी पोरं दोन्ही गाड्यांच्या लांब्या मिळवून बसतात. लांबी फक्त समोरच्या गाडीची. हे सांगताना त्याचा आवाज भरून येतो. मेरिट इथंच जातं म्हणे.

हंगामात एखादा गाइड आजारी पडला की हा जिप्सीत चढतो. पुण्याच्या पाहुण्यांनी विचारलं, “दिसेल का हो वाघ?”

“वाघ ताशी 5, जिप्सी 20. समोरासमोर असले तं बेरीज, एका दिशेनं असले तं वजाबाकी.”

“आणि बसला असेल तर?”

उत्तर तुम्हाला ठाऊक आहेच.

जय नावाचा वाघ 2013 साली इथलं रान सोडून उमरेड-कऱ्हांडल्याला जाऊन राहिला. जंगलखात्यापासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळे त्याच्या कौतुकात होते, याला मात्र त्याचा सरासरी वेग हवा होता. गाडं एका जागी अडलं: वाटेत रानडुक्कर मारून खाल्लं तो वेळ थांब्यात धरायचा की प्रवासात? एप्रिल 2016 नंतर जय कुणाच्या नजरेस पडला नाही. भाऊंनी वहीत त्या गणितापुढे ‘माहिती अपुरी’ असं लिहून ठेवलं आहे.

एक गणित मात्र तो मांडत नाही. भरतीची जाहिरात याच्याच दिशेनं पुढे पळते आहे आणि वयोमर्यादा समोरून येते आहे. पहिलीत वजाबाकी, दुसरीत बेरीज. आईला सूत्र येत नाही, पण उत्तर तिला तोंडपाठ आहे. म्हणूनच तिने त्याला यंदा गोरेगावकडे मुलगी पाहायला नेलं.

पोहे आले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “नोकरी कवा लागन?” भाऊ उत्तर टाळून मुलीकडे वळले. तीही भरतीचीच निघाली. महिलांना 3 किलोमीटर, 25 मिनिटं.

“म्हनजे ताशी 7.2,” भाऊ खुलले. “आपला सापेक्ष वेग 2.8.”

“एका दिशेनं गेलो तं,” ती चहाचे कप उचलत म्हणाली. “समोरासमोर आलो तं 17.2. तुमी पयले गाडीत बसा, मंग पाहू.”

आई म्हणाली, पोरगी हुशार आहे. भाऊ बसमध्ये साकोलीपर्यंत एकच गोष्ट विचारत होते: बसा म्हणाली, तेव्हा आपल्याला खांब धरलं की प्रवासी?