नव्या छोट्या गाडीचा काटा आणि एसी : सुरतकर खानदेशी कुटुंबांसाठी मार्गदर्शिका

प्रस्तुत मार्गदर्शिका उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या, गाव धुळे, नंदुरबार किंवा जळगाव जिल्ह्यात असलेल्या आणि नुकतीच नवी छोटी गाडी दारात आणलेल्या कुटुंबांसाठी आहे. अडाजण-वेसूकडच्या मोठ्या गाडीवाल्यांनी ती वाचायला हरकत नाही. फक्त हसू नये. गाडीबरोबर जे माहितीपुस्तक मिळते त्यात ऑइल कधी बदलावे हे लिहिलेले असते. किती पेट्रोल असताना आत्याला गाडीत बसू द्यावे, हे लिहिलेले नसते. ती उणीव येथे भरून काढली आहे.

काट्याविषयी

शोरूममधून गाडी निघते ती जेमतेम पहिल्या पंपापर्यंत पोहोचेल इतक्या पेट्रोलवर. त्यामुळे नव्या मालकाचे काट्याशी नाते पहिल्या तासातच, गळ्यात हार घातलेल्या गाडीत, कपाळावर घाम घेऊन जुळते. हे शुभ मानावे.

हल्ली काट्याच्या जागी कांड्या असतात. टाकीत एक फ्लोट पेट्रोलवर तरंगतो, त्याची दांडी वर-खाली होते, तसा विजेचा रोध बदलतो आणि समोर कांड्या कमी-जास्त दिसतात. इतकी सरळ व्यवस्था असताना कांड्या सरळ का वागत नाहीत? कारण टाकी चौकोनी डबा नसते. ती मागच्या सीटखाली, सायलेन्सरच्या नळीला वाट देत, जमेल तशी वाकवून बसवलेली असते. वर ऐसपैस, खाली चिंचोळी. शिवाय वळणावर पेट्रोल हिंदकळले की कांड्या नाचू नयेत म्हणून गाडीतला संगणक सावकाश, सरासरी काढून बोलतो. परिणामी पहिली कांडी दोन दिवस हलत नाही आणि घरात 'गाडी पेट्रोल पीतच नाही' अशी वार्ता पसरते. ही वार्ता गावी फोनवर सांगू नये. पुढच्या दोन कांड्या एका दुपारीत जातात.

टाकी किती मोठी, हे एकदा पुस्तकात पाहून ठेवावे. अल्टो के-१० ची २७ लिटरची, क्विडची २८, टियागोची ३५. सुरुवातीच्या नॅनोची तर १५ च लिटरची होती, आणि पेट्रोल भरायला पुढचे बॉनेट उघडावे लागे. २००९ साली आलेली ही गाडी पुढे आपल्याच गुजरातेत, साणंदला तयार होऊ लागली. तिच्या सर्वांत स्वस्त प्रकारात एसीच नव्हता, म्हणजे या मार्गदर्शिकेचा निम्मा मजकूर तिच्या मालकाला वाचावा लागला नसता. भाग्यवान.

पंपाच्या चित्राशेजारी एक छोटा बाण असतो. टाकीचे झाकण गाडीच्या कोणत्या बाजूला आहे ते तो दाखवतो. पंपावर चुकीच्या बाजूने गाडी लावून पुन्हा वळवताना मागच्या टेम्पोवाल्याकडून जे अस्सल सुरती ऐकावे लागते, ते ऐकायचे नसेल तर बाण पाहावा. पंपावरचा मुलगा "झीरो जोई लेजो" म्हणेल, तेव्हा झीरो खरोखर पाहावा. मान डोलावून मोबाइल पाहू नये. नळी खट्‌कन बंद झाली की भरणे थांबवावे. 'राउंड फिगर करा' हा आपला राष्ट्रीय आग्रह असला, तरी टाकीत वाफेसाठी मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. ती ठासून भरली तर वाफ शोषायच्या डब्यात पेट्रोल जाते, आणि त्या डब्याचे बिल राउंड फिगरमध्ये येत नाही.

शेवटची कांडी लुकलुकू लागली आणि पिवळा दिवा लागला, तरी टाकीत काही लिटर शिल्लक असते. हे गुपित घरातल्या कोणत्याही पुरुषाला कळू देऊ नये. कळल्यास तो पंपासमोरून गाडी पुढे काढेल आणि म्हणेल, "अजून चाळीस किलोमीटर आरामात." पेट्रोलचा पंप टाकीतच बुडवून बसवलेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो, ही बाब अशा प्रसंगी शांत आवाजात सांगावी. उपयोग होणार नाही, पण सांगितल्याची नोंद राहते.

सीएनजीवाल्यांनी हा भाग सोडून द्यावा. त्यांचा संसार डिकीतल्या सिलिंडरने आधीच आवरलेला आहे. पंपावर रांग आणि नंबर आला की नियमाप्रमाणे सगळ्यांनी खाली उतरायचे, गुडघे दुखणाऱ्या आजींसकट. त्यांना आमची सहानुभूती.

एसीविषयी

छोट्या गाडीचे इंजिन हजार-बाराशे सीसीचे. एसीचा कॉम्प्रेसर त्याच्याच पट्ट्यावर फिरतो. म्हणजे ज्याने सहा माणसे ओढायची, त्यानेच त्यांना वाराही घालायचा. कॉम्प्रेसर चालू-बंद होताना गाडीला बारीक हिसका बसतो. तो दोष नव्हे. सर्व्हिस सेंटरला नेल्यास "सगळ्याच गाड्यांना असतं" हे उत्तर मिळेल, आणि या एका बाबतीत ते खरे असेल.

सुरत हे पुलांचे शहर असल्याने चढ टळत नाही. भरल्या गाडीने पूल चढताना चालकाचा डावा हात आपोआप एसीच्या बटणाकडे जातो. वास्तविक पाय पूर्ण दाबला की बहुतेक नव्या गाड्या कॉम्प्रेसर काही क्षण स्वतःच सोडवतात. तरी बटण दाबावे. त्याने चालकाला आपण गाडीला मदत केल्याचे समाधान मिळते. पूल उतरल्यावर पुन्हा चालू करायचे मात्र विसरले जाते, आणि दोन सिग्नल गेल्यावर मागून विचारणा होते, "एसी चालू आहे ना?" यावर 'हो' म्हणत गुपचूप बटण दाबण्याची कला सरावाने येते.

उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर एसी पूर्ण करून काचा बंद करणे चूक. आधी दोन्हीकडच्या काचा उघडून, दोन मिनिटे चालवून आतली भट्टी बाहेर जाऊ द्यावी. मग काचा लावून आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. सीटवरचे शोरूमचे प्लास्टिक काढल्यास गारवा लवकर येतो. पण नव्या गाडीचे प्लास्टिक काढा, असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही.

गाडीखाली पाणी ठिबकते ते दमट हवेतले. सोसायटीतले जाणकार वाकून, बोट लावून, वास घेऊन "लिकेज छे" असा निर्णय देतील. त्यांचे आभार मानावेत आणि गाडी तिथेच ठेवावी. पावसाळ्यात पुढची काच धुरकट होते तेव्हा सगळे जण आतून फडके मारू लागतात. एसी जोरात असेल तर सुरतेच्या ओलसर हवेत ती काच बऱ्याचदा बाहेरून धुरकट झालेली असते. तिथे वायपर लागतो, फडके नाही. काही गाड्या सिग्नलला इंजिन स्वतःच बंद करतात. मग एसीतून नुसता वारा येतो, तो हळूहळू कोमट होतो. ही सोय पेट्रोल वाचवण्यासाठी असून ती बंद करण्याचे बटण घरातल्या सर्वांत लहान मुलाला माहीत असते.

मागच्या सीटला एसीची वेगळी जाळी नसते. त्यामुळे पुढची सीट कोणाला, हा प्रश्न तांत्रिक नसून कौटुंबिक आहे, आणि त्यावर मार्गदर्शन करण्याइतके आम्ही शूर नाही.

आखाजीची परीक्षा

वरचे सारे ज्ञान कसाला लागते ते अक्षय्य तृतीयेला. लेकींनी आखाजीला माहेरी जायचे आणि ऊन तर ऐन वैशाखाचे. हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, साक्री करत धुळ्याला जातो. सुरतेपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास.

निघताना टाकी पूर्ण भरावी. सुरतेहून मराठी माणूस रिकामा परत जात नाही, ही रीत १६६४ पासूनची आहे. शिवाय गुजरातेत पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा लिटरमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि देशभर कर एक झाला म्हणतात. पेट्रोल त्याच्या बाहेर राहिले, दोन्ही राज्यांचे कर वेगवेगळे राहिले, आणि आपल्या या प्रवासाला ध्येय मिळाले. ध्येय असे : महाराष्ट्रात पेट्रोल भरायचे नाही.

जाताना अडचण नसते. एसी तीनवर, सगळे प्रसन्न. अडचण गावात. तिथे चुलतभाऊ "जरा चक्कर मारून आणतो" म्हणतो. नाही म्हणण्याची सोय नाही. नवी गाडी आहे, पेढे त्यानेही खाल्ले आहेत. चक्कर बसस्टँडपर्यंत ठरलेली असते. प्रत्यक्षात गाडी दोन तासांनी येते, एसी पूर्ण जोरात, गाणी चालू, आणि दोन कांड्या गायब. विचारल्यास "काटा खराब दिसतो भाऊ" हे उत्तर येते. या क्षणी फ्लोटचे तत्त्व समजावू नये.

परतीला डिकीत दादर ज्वारीचे पोते, बिबड्यांचा डबा, आंब्यांची पेटी. मागे आई, आत्या, पत्नी आणि दोन मुले, पैकी एक कुणाच्या तरी मांडीवर. कांड्या दोन. धुळ्याच्या पंपावर पत्नी एकदा पंपाकडे आणि एकदा आपल्याकडे पाहते. पुढच्या सीटवरून वडील विचारतात, "काटा काय म्हनस रे?" उत्तर ठरलेले असावे : "उच्छलपर्यंत जातं." आणि तिथेच एसीचे बटण बंद होते.

येथे थोडे गणित. धुळ्याहून हद्दीपलीकडच्या उच्छलपर्यंत सव्वाशे किलोमीटर धरा. लिटरला वीसच्या हिशेबाने सहा-सव्वासहा लिटर. एसीने दहाएक टक्के जास्त जाते असे धरले, तर वाचणार साठ-पासष्ट रुपयांचे पेट्रोल. काचा उघड्या ठेवून ऐंशीच्या वेगाने गेले की वाऱ्याच्या रोधाने त्यातलेही काही परत जाते. हे गणित आत्याच्या पदराने झाकलेल्या चेहऱ्याकडे पाहून करू नये. समोर पाहावे.

दहिवेल गेले की कोंडाईबारीचा घाट. उतार लागताच वडील "न्यूट्रल कर, न्यूट्रल" असा घोष करतील. करू नये. गाडी गिअरमध्ये असून पाय उचललेला असेल, तर आजची इंजिने त्या वेळेपुरते पेट्रोल जवळपास तोडतात. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःला जिवंत ठेवायला पेट्रोल पीत राहते आणि ब्रेक तापतात ते वेगळे. याच उतारावर स्क्रीनवरचे 'इतके किलोमीटर जाईल' हे आकडे वाढू लागतात. सत्तावन्न, त्रेसष्ट, एकाहत्तर. वडील त्याचे श्रेय स्वतःच्या सल्ल्याला देतील, देऊ द्यावे. हा आकडा नुकत्याच गेलेल्या रस्त्यावरून काढलेला अंदाज असतो. विसरवाडीच्या सपाटीवर तो शुद्धीवर येतो. उतारावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला जाते, तेव्हा कांडीही गाडीप्रमाणे एखादी वाढते किंवा कमी होते. दोन्ही प्रसंगी ओरडू नये.

नवापूर आले की मुलांना रेल्वे स्थानकाची गोष्ट सांगावी : १ मे १९६० ला राज्ये वेगळी झाली आणि या स्थानकाच्या मधूनच हद्द गेली, अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. मुले विचारतील, एसी कोणत्या अर्ध्यात लागतो? ऐकू न आल्यासारखे करावे.

हद्द ओलांडल्यावरच्या पंपावर एमएच-१८ आणि एमएच-३९ ची रांग दिसेल. ही आपलीच माणसे, त्याच ध्येयाची. नंबर लागतो, इंजिन बंद होते. पण किल्ली पूर्ण फिरवलेली नसते, कारण मागून "आता तरी पंखा चालू ठेव" अशी मागणी झालेली असते. पेट्रोल पडते, नळी खट्‌कन थांबते, पैसे दिले जातात, गाडी निघते आणि समोर तीच एक कांडी लुकलुकत असते.

आता गाडीत जे होते त्याची पूर्वतयारी नसेल तर प्रवास बिघडतो. वडील दार उघडून उतरतात. आई "मी म्हटलं होतं धुळ्यालाच भर" म्हणते, जे तिने म्हटलेले नसते. पंपावरचा मुलगा मशीनवरचे आकडे दाखवतो, आपण झीरो पाहिला होता की नाही हे आठवत नाही, आणि मागची एमएच-१८ हॉर्न वाजवते. अशा वेळी कोणालाही काही न बोलता गाडी बाजूला घ्यावी, किल्ली पूर्ण बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि पुन्हा सुरू करावी. किल्ली चालू ठेवून पेट्रोल भरले की कित्येक गाड्यांचा संगणक जुन्याच सरासरीला चिकटून राहतो, आणि नव्याने सुरू केल्यावर त्याला टाकी भरल्याचे कळते. कांड्या भराभर वर जातील. वडिलांना आत बोलवावे, पंपावरच्या मुलाला हात करावा आणि एसी चारवर करावा.

हिशेबाची वही सोनगडच्या अलीकडे लिहून टाकावी. पहिली ओळ : बावीस लिटर, फरक दहा रुपये, बचत २२०. दुसरी : एसी बंद, बचत ६०. त्याखाली साक्रीच्या थंड पाण्याच्या बाटल्या, दहिवेलचा सहा ग्लास उसाचा रस, विसरवाडीची कुल्फी आणि उन्हाने पिकून फुटलेले आठ आंबे. वडिलांनी वही मागितल्यास वरच्या दोन ओळी वाचून दाखवाव्यात.