मांडवीतले बिऱ्हाड

पणजीच्या मांडवीत उभी असलेली कॅसिनोची जहाजं तात्पुरती आहेत, हे गोव्यातलं शेंबडं पोरही सांगेल. सहा महिन्यांत हलवणार! मग मुदतवाढ. मग मुदतवाढीला मुदतवाढ. १९९६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन जहाजावरच्या जुगाराला वाट मोकळी झाली. विरोधात असताना कॅसिनोविरुद्ध रस्त्यावर उतरलेले पुढे सत्तेत बसले. नांगर काही हलला नाही. २०२२ मध्ये काँग्रेसचे आठ आमदार एका दिवसात भाजपवासी झाले, म्हणजे गोव्यात स्थलांतर अवघड आहे असं मुळीच नाही.

तरी सरकारला स्थानिकांची काळजी आहेच. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे. पैसा परक्यांचा बुडावा, आपल्या लेकरांचा नको, हा विचार थोरच. (महसूल तेवढा आपला.) बाकी सगळं गोंयकारांना खुलं आहे: शनिवारी संध्याकाळी बांदोडकर मार्गावरची कोंडी, स्वतःच्या दारासमोर गाडी लावायला जागा शोधत मारायच्या फेऱ्या, मध्यरात्रीनंतरचे हॉर्न आणि नदीवरचा तो जांभळा-गुलाबी झगमगाट. त्यासाठी ओळखपत्र कुणी विचारत नाही.