वाण बारा वर्षांत, भाव एका रात्रीत

इंदूरच्या विमानतळाला वळसा घालून देपालपूरची वाट धरली, की हातोद लागतं. श्रावणात या रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर सोयाबीन असतं. आणि याच इंदुरात, खंडवा रोडवर, सोयाबीनवर काम करणारी देशातली सर्वोच्च संशोधन संस्था आहे. १९८७ साली ती ‘राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र’ म्हणून सुरू झाली, मग ‘संचालनालय’ झाली, मग ‘भारतीय सोयाबीन संशोधन संस्था’ झाली. सोयाबीनचं उत्पादन देशात हेक्टरी टनाच्या आसपास घुटमळतंय, जगाची सरासरी अडीच टनांच्या पुढे गेलीय. नावांचं उत्पादन मात्र आपण छान वाढवलं.

तेल गाळणाऱ्यांची अखिल भारतीय संघटना ‘सोपा’ हीसुद्धा इंदूरचीच. म्हणजे पेरणारा, संशोधन करणारा आणि गाळणारा, तिघेही एकाच जिल्ह्याचे रहिवासी. एवढं शेजारपण असूनही तिघे एकत्र दिसतात ते बहुतेक वेळा मंत्र्याच्या दौऱ्यातल्या फोटोत.

पण शास्त्रज्ञ हातावर हात ठेवून बसलेत, असं म्हणायची सोय नाही. या संस्थेनं सुरुवातीची वाणं आपल्या अहिल्याबाईंच्या नावानं काढली. मग ‘एनआरसी १२७’ काढलं. सोयाबीनच्या दाण्यात पचनाला आडवा येणारा एक घटक असतो, त्यापायी दाणा उकळल्याशिवाय खाता येत नाही. तो घटक या वाणात नाही. ‘एनआरसी १५०’ मध्ये तर सोयादुधाला येणारा तो उग्र दर्पच काढून टाकलाय. दाण्याचा वास गेला. सौद्याला येतो तो वास काढणं शास्त्रज्ञांच्या हातात नाही, त्याचा दोष त्यांना देऊ नये.

आता हातोदच्या शेतकऱ्याच्या कोठीत डोकावा. तिथे बरेचदा ‘जेएस ९५-६०’ सापडेल. लोक नुसतं ‘९५६०’ म्हणतात. नाहीतर त्याहून जुनं, १९९४ सालचं ‘जेएस ३३५’. ३३५ च्या वेळी पेरणी करणारा तरुण आता नातवाला शेंगा दाखवतोय, पण पोत्यावरचा आकडा तोच. हे दिसलं, की लगेच चर्चासत्रात मान हलते : शेतकरी नवं स्वीकारत नाही हो.

शेतकरी का स्वीकारत नाही, हे बांधावर उभं राहून विचारलं तर उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं. त्याला ऑक्टोबरात बटाटा लावायचाय. सोयाबीन पंच्याऐंशी-नव्वद दिवसांत रान मोकळं करून देणार असेल तर बटाटा वेळेवर जातो आणि बटाट्यामागे काही जण गहूसुद्धा काढतात. शंभर दिवसांचं वाण दोन क्विंटल जास्त देईलही, पण पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. शास्त्रज्ञ क्विंटल मोजतो, शेतकरी दिवस मोजतो. ९५६० ला अलीकडे पिवळ्या मोझॅक रोगानं बेजार केलंय, हे शेतकऱ्यालाही दिसतं. पिवळं पडलेलं रान त्याचंच असतं ना! तरी दिवसांच्या हिशेबात ते बसतं म्हणून तो ते सोडत नाही. सोयाबीन माळव्यात आलं तेच मुळी या हिशेबातून. काळ्या भारी जमिनी पावसाळ्यात पड ठेवायच्या आणि ओलीवर रब्बी घ्यायची, ही इथली जुनी रीत. सत्तरच्या दशकात त्या रिकाम्या खरिपात हे पीक शिरलं आणि मालक होऊन बसलं.

आणि शेतकऱ्याचं ऐकून संशोधन करायचं, हे इंदूरला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. १९२४ साली होळकर संस्थानानं दिलेल्या जमिनीवर इथे वनस्पती संशोधन संस्था उभी राहिली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक. पिकावरची कीड आणि गावचा शेतकरी या दोघांना ते आपले प्राध्यापक मानत. काडीकचरा, शेण, गोमूत्रमिश्रित माती यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत तिथे बसवली गेली आणि ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. या पद्धतीवरच्या १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. इंदुरी मराठी मंडळींनी पोह्यांइतकंच हे नावही मिरवायला हरकत नाही. आज प्राध्यापक तेच आहेत, कीडही आहे आणि शेतकरीही आहे. वर्गात विद्यार्थ्यांची हजेरी तेवढी रोडावलीय.

समजा, शेतकरी नव्या वाणाला राजी झाला. पुढे? वाणाचा संकर करायचा, पिढ्या स्थिर करायच्या, देशभर चाचण्या घ्यायच्या, अधिसूचना काढायची. मग पैदासकार बियाणं, त्याचं पायाभूत, पायाभूताचं प्रमाणित. दहा-बारा वर्षं सहज जातात. त्यात सोयाबीनचं टरफल पातळ. पोतं ट्रकमधून धाडकन टाकलं तरी उगवण घसरते आणि आपल्याकडे पोतं अलगद ठेवायची पद्धत कुठल्याच हमालीत बसत नाही. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात बियाणं उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आपणहून दखल घ्यावी लागली. तेव्हापासून कृषी खातं जोरात सांगतंय, घरचं बियाणं ठेवा. सल्ला सोन्यासारखा. सोयाबीन स्वपरागी, दरवर्षी बी विकत घ्यायची गरजच नाही. गोणपाट ओलं करायचं, शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आठवड्यानं मोजायचं. सत्तर उगवले तर खुशाल पेरा. या प्रयोगाला ना निविदा लागते ना उद्घाटन. म्हणूनच त्याचा प्रचार एवढा कमी असावा.

एवढं सगळं जमून आलं आणि पीक घरात आलं, की दुसरं खातं जागं होतं.

२८ मे २०२५. केंद्रानं सोयाबीनचा हमीभाव ४३६ रुपयांनी वाढवून क्विंटलला ५,३२८ केला. टाळ्या. ३० मे २०२५. त्याच केंद्रानं कच्च्या सोयातेलावरचं मूळ आयात शुल्क वीस टक्क्यांवरून दहावर आणलं. दोन दिवस! पेरणीच्या तोंडावर एका हातानं वाढलं, दुसऱ्या हातानं ताट ओढलं. शहरातल्या कढईसाठी तेल स्वस्त व्हायला हवं, हे कबूल. पण कढईची महागाई दरवेळी हातोदच्या कोठीतूनच का वसूल करायची? त्यात इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात शिरला आणि सोयापेंडीची मागणी बसली. दाण्यात तेल अठरा-वीस टक्के, बाकी बहुतेक पेंड. तेल आयातीनं मारलं, पेंड इथेनॉलनं. उरलं टरफल!

मग येते भावांतर योजना. मध्य प्रदेशानं ती २०१७ मध्ये करून पाहिली होती, २०२५ मध्ये सोयाबीनसाठी पुन्हा आणली. बाजारातल्या सरासरी भावावरून ठरणारा मॉडेल रेट निघाला चार हजारांच्या आसपास, हमीभावाशी असलेला फरक खात्यावर. म्हणजे हमीभाव हमखास मिळणार नाही, हे सरकारनंच लेखी मान्य केलं. इकडे महाराष्ट्रात २०२४ च्या निवडणुकीत सभांमधून सहा हजार, सात हजार असा लिलाव पुकारला गेला. ऐन मतदानाच्या तोंडावर खरेदीतल्या ओलाव्याची मर्यादाही बारावरून पंधरा टक्के झाली. निवडणुकीच्या हवेत दमटपणा चालतो, हा शोध कुठल्याच संस्थेच्या नावावर नाही.

दर खरिपाआधी शेतकऱ्याला शिस्तीचं पत्रक मिळतं : पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, बीजप्रक्रिया विसरू नका, रुंद वरंबा सरी करा. सगळं बरोबर. मग असंच एक पत्रक दिल्लीलाही जावं, एका ओळीचं : तेलावरचं शुल्क काय ते एप्रिलअखेर जाहीर करा आणि दिवाळीचा माल बाजारातून उठेपर्यंत त्याला हात लावू नका. बारा वर्षं खपून काढलेलं वाण एका रात्रीच्या अधिसूचनेनं तोट्यात जाणार असेल, तर खंडवा रोडवरच्या शास्त्रज्ञांनी हेक्टरी चार टन काढून दाखवले तरी हातोदचा शेतकरी बटाट्याकडेच बघणार. आणि त्याचं बरोबर असेल.