दिसतंय का? ऐकू येतंय का?

आमचे साडू परदेशी गेले ते दोनदा. एकदा बन्नूरला आणि एकदा युरोपला. दोन्हींत बन्नूर जास्त लांब होतं.

नकाशा काढून मला खोटं पाडू नका. बन्नूर म्हैसूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, टी. नरसीपूर तालुक्यातलं, कावेरीच्या पाण्यावर भात-ऊस पिकवणारं गाव आहे, हे मलाही ठाऊक आहे. त्याचं नाव झालं ते मेंढ्यांमुळे. बुटकी, गुटगुटीत बन्नूर मेंढी आणि तिच्या मटणावर जीव टाकणारे म्हैसूर-बंगळूरचे खवय्ये, ही गावाची कीर्ती. साडूंच्या बँकेने कांदा-लसूणही वार बघून खाणाऱ्या या माणसाची बदली नेमकी तिथे केली. बँकांच्या बदली विभागात विनोदबुद्धी नसते, असं म्हणणाऱ्यांनी विचार करावा.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा कोल्हापूर सोडून कोगनोळीचा नाका ओलांडला की खिशातला मोबाइल थरथरायचा आणि परमुलखात आल्याबद्दल आपलं स्वागत व्हायचं. त्या क्षणापासून येणारा फोनसुद्धा पैसे खायला लागायचा. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात नेला, तो अजून तिथेच आहे. मोबाइल कंपन्यांनी मात्र बेळगाव कोणाचं ते तारखा न मागता ठरवून टाकलं होतं. टेलिफोन खात्याचा भूगोल हा एकूणच अभ्यासाचा विषय आहे. त्याच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे आणि मुंबई नाही. १९६७ च्या जनमत कौलात ‘विलीनीकरण नको’ म्हणून सांगणारा गोवा या खात्याने परस्पर विलीन करून घेतला आणि जिच्यासाठी महाराष्ट्राने गोळ्या झेलल्या ती मुंबई वेगळी काढली. संयुक्त महाराष्ट्र समितीने आधी यांच्याशी बोलायला हवं होतं.

तर रोमिंगचा भुर्दंड नको म्हणून साडू रविवारी रात्री, दर उतरल्यावर, बन्नूरच्या एसटीडी बूथमधून फोन करायचे. समोरच्या यंत्रावर लाल आकडे पळत असायचे आणि त्यांच्या पुढे पळत साडू बोलायचे. ‘आम्ही बरे. पाऊस फार. आक्कांची गोळी म्हैसूरला मिळाली. ठेवतो.’ चार वाक्यांत आठवडा. (आक्का म्हणजे साडूंच्या मातोश्री.) त्यानंतर उरलेले सहा दिवस आमच्या घरात त्या चार वाक्यांचा कीस पडायचा. पाऊस फार म्हणजे किती? गोळी म्हैसूरला मिळाली म्हणजे बन्नूरला मिळत नाही का? मग रात्री काही झालं तर? आमच्या सौभाग्यवतींनी बहिणीच्या काळजीने एवढं बन्नूर कल्पनेत उभं केलं होतं की प्रत्यक्षातलं बघायची गरज उरली नव्हती. दिवाळीत साडू-मेहुणी आले की चार-चार रात्री गप्पा पुरायच्या. सांगायला काहीतरी उरलेलं असायचं ना!

परदेशी फोन हा त्याहून मोठा सोहळा. आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, हे आपण अभिमानाने सांगायला विसरतो. १९२७ साली विलायतेशी बिनतारी संदेशांची सेवा सुरू झाली तेव्हा संदेश पाठवायचं केंद्र होतं खडकीला आणि घ्यायचं होतं दौंडला. पुढे १९३३ मध्ये विलायतेशी थेट बोलायची सोय झाली. बोलण्याचं ठिकाण वेगळं आणि ऐकण्याचं त्यापासून कित्येक कोस लांब, ही रचना शास्त्रज्ञांनी कोणत्या मराठी घरात बघितली असेल याचा मी बराच विचार केला आहे. मग १९७२ मध्ये नारायणगावजवळ आर्वीला विक्रम भूकेंद्राची भली थोरली तबकडी आकाशाकडे तोंड करून बसली. ज्या नारायणगावात तमाशाच्या सुपाऱ्या फुटतात, त्याच्या शेजारून लेकाची परदेशातली खुशाली उपग्रहामार्गे यायला लागली. कॉल बुक करायचा, दिवसभर फोनजवळ बसायचं, लागला की शेजारपाजारच्यांनीही जमायचं, आणि लागल्यावर तीन मिनिटांतली दोन ‘रडू नकोस गं’ म्हणण्यात घालवायची. महाग होतं, पण गेलेला माणूस गेलाय हे कळत तरी होतं.

आता साडूंचा युरोप. निवृत्तीचे पैसे आले, बन्नूरमध्येच घर बांधून झालं, म्हटल्यावर मेहुणीने ग्रुप टूर ठरवली. जाण्याआधी महिनाभर घरात खल चालला होता. युरोपात काय बघायचं याचा नव्हे, सिम कोणतं घ्यायचं याचा. भाचा म्हणाला, ई-सिम घ्या. शेजारी म्हणाले, इथूनच रोमिंगचा पॅक मारा. बँकेतले जुने सहकारी म्हणाले, कशाला खर्च, युरोपात जिकडे तिकडे फुकट वायफाय असतं, फक्त कॉफी प्यावी लागते. आक्कांनी सुचवलं की पोचल्यावर पत्र टाक. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी ई-सिम घेतलं ते ‘युरोप’चं, आणि जुनं भारतीय सिम नुसतं एसएमएससाठी चालू ठेवायचं ठरलं. पॅकवाल्या शेजाऱ्यांनी तीन दिवस अबोला धरला. ‘भाऊ-वहिनी युरोपात’ नावाचा ग्रुप निघाला. त्यात आम्ही पुण्याचे, भाचा, दोन नणंदा, साडूंचे व्याही आणि कशासाठी ते कोणालाच माहीत नसलेले एक जोशी.

पहिला धक्का दुबईने दिला. विमान बदलायला साडू तिथे उतरले आणि व्हिडिओ कॉल लागेना. अमिरातीत व्हॉट्सअॅपवर मजकूर जातो, फोटो जातो, कॉल जात नाही. तिथल्या सरकारला तो चालत नाही. हे दुबईतल्या प्रत्येक मराठी पोराला ठाऊक आहे, पण आमच्या ग्रुपला नव्हतं. साडू लिहीत होते, ‘आम्ही बरे आहोत.’ ग्रुप म्हणत होता, बरे आहात तर तोंड का दाखवत नाही? जोशींनी अपहरणाची शक्यता बोलून दाखवली. तेव्हा कळलं जोशी कशासाठी आहेत.

पॅरिसला पोचल्यावर मात्र सुटले. सकाळी हॉटेलातला नाश्ता, शॉवरचा नळ कुठे फिरवायचा, खिडकीतून दिसणारी दुसरी खिडकी, बसमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्या काकूंनी काढलेले मेथीचे ठेपले. सगळं थेट प्रक्षेपण. भाचा सांगतो, आयफेल टॉवरखाली दर संध्याकाळी सगळ्यात जास्त ऐकू येणारी मराठी वाक्यं दोनच: ‘दिसतंय का?’ आणि ‘ऐकू येतंय का?’ अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला तो तीनशे तीस मीटर उंच टॉवर पाच मिनिटं लुकलुकतो. साडूंनी ती पाची मिनिटं टॉवरकडे पाठ करून काढली, कारण सेल्फीच्या कॅमेऱ्यात त्यांचं डोकं आणि टॉवर दोन्ही बसवून बन्नूरला दाखवायचं होतं. बन्नूरला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. आक्का उठून बसल्या होत्या. वयस्कर मंडळी फोन ज्या कोनात धरतात त्या कोनात त्यांनी तो धरला होता, त्यामुळे पॅरिसहून बन्नूरला टॉवर दिसत होता आणि बन्नूरहून पॅरिसला छतावरचा पंखा.

‘दिसतंय का आक्का?’

‘दिसतंय. झोप आता. थंडी वाजत नाही ना?’

‘आक्का, बघा ना नीट, दिवे बघा!’

‘बघितले रे. आपल्या म्हैसूरच्या राजवाड्याचे जास्त आहेत.’

खरी गंमत स्वित्झर्लंडमध्ये झाली. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या देशांतल्या लोकांचं रोमिंग उठवलं. पोर्तुगालचं सिम पोलंडमध्ये घरच्या दरात चालतं. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. नकाशात तो युरोपच्या पोटात असला तरी हिशेबात नसतो. साडूंच्या ई-सिमच्या ‘युरोप’मध्येही नव्हता. हे त्यांना कळलं ते युंगफ्राऊयोखला, समुद्रसपाटीपासून ३४५४ मीटरवर, युरोपातल्या सगळ्यात उंच रेल्वे स्टेशनात. डोंगर पोखरून नेलेल्या गाडीतून ते वर आले, बाहेर हिमनदी पसरलेली, आणि भारतीय सिमवर एसएमएस टपकला. ग्रुप टूरमधल्या माणसाला हिमनदी वाट बघू शकते हे माहीत असतं, एसएमएस नाही.

तो गॅस सिलिंडरचा कोड होता. बन्नूरला सिलिंडर दारात आला होता. कोड सांगितल्याशिवाय पोऱ्या तो घरात ठेवणार नव्हता, आणि नंबर नोंदलेला साडूंचा. ‘अज्जी, कोड हेळी,’ म्हणत पोऱ्या ओट्यावर बसला. आक्कांनी त्याला ताक दिलं आणि पुण्याला फोन लावला. मी साडूंना व्हॉट्सअॅप केलं. एक टिक. साडूंना कोड माहीत, पण डेटा बंद. डेटा चालू केला तर कंपनी किती लावेल याचा अंदाज एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला पुरेपूर होता. दहा मिनिटं ते बर्फात फुकट वायफाय शोधत हिंडले. टूर मॅनेजर ‘पाच मिनिटं, पाच मिनिटं’ ओरडत होता. अखेर त्यांनी काळजावर दगड ठेवून थेट बन्नूरला फोन लावला.

‘आक्का, लिहून घ्या. सात...’

‘साठ?’

‘सात! सात! सप्तशृंगीचे सात!’

शेजारी उभे असलेले जपानी पर्यटक अदबीने बाजूला झाले. आल्प्समध्ये मोठ्याने ओरडलं की हिमकडा कोसळतो असं म्हणतात. साडू कोड सांगत असताना तो जागेवर राहिला, यावरून स्विस लोकांच्या व्यवस्थेबद्दल माझा आदर वाढला. सिलिंडर मिळाला. त्या कॉलच्या बिलात आणखी एक सिलिंडर आला असता, असा भाच्याचा हिशेब आहे, पण तो त्याने ग्रुपवर टाकला नाही. मेहुणीला मी नंतर विचारलं, हिमनदी कशी होती? ती म्हणाली, फोटो टाकलेत की सगळे.

आणि याच्या दोन दिवसांनंतर बन्नूर गप्प झालं. सकाळपासून आक्कांचा फोन उचलला जाईना. ग्रुपवर हाहाकार. व्हेनिसमध्ये साडू गंडोल्यात बसून आईला फोन लावत होते, मी पुण्याहून बन्नूरच्या शेजारणीला लावत होतो. तिला मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही, त्यामुळे आम्ही दोघांनी एकमेकांना बराच धीर दिला. जोशींनी जवळच्या पोलीस चौकीचा नंबर शोधून ठेवला. गंडोलेवाल्याने गाणं म्हटलं म्हणतात. कोणी ऐकलं नाही.

संध्याकाळी आक्का सापडल्या. शेजारणीच्या सुनेबरोबर रिक्षा करून सोमनाथपूरला गेल्या होत्या. बन्नूरहून दहाएक किलोमीटर. तिथलं होयसळांचं केशव मंदिर २०२३ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. वीस वर्षं साडू ‘एकदा जाऊन येऊ’ म्हणत होते. फोन घरी उशीखाली ठेवून आक्का गेल्या, तीनही गाभारे फिरल्या, बाहेरच्या भिंतीवरचे हत्ती आणि घोडेस्वार बघत चक्कर मारली, सावलीत बसून दहीभात खाल्ला आणि आल्या. त्या दिवशी दोन खंडांत मिळून नीट बघून आलेलं माणूस तेवढं एकच. रात्री मेहुणीचा फोन आला तेव्हा आक्का पाऊण तास बोलत होत्या. मुख्य गाभाऱ्यातली केशवाची मूळ मूर्तीच हरवलीय आणि तिच्या जागी नंतरची ठेवलीय, हे त्यांना फार लागलं होतं. फोनमध्ये एकही फोटो नव्हता, त्यामुळे सगळं तोंडानेच सांगावं लागलं.

साडू परत आल्या आल्या म्हैसूरला जाऊन आक्कांसाठी नवा फोन घेऊन आले. त्यात आई कुठे आहे ते नकाशावर निळ्या ठिपक्याने दिसतं. ठिपका आम्ही सगळे बघतो, जोशीसुद्धा. दिवसभर तो जराही हलत नाही, त्यामुळे साडू निर्धास्त आहेत. परवा शेजारणीच्या सुनेने मोडक्या हिंदीत मला सांगितलं की अज्जी फोन देवघरात ठेवून तळकाडला गेल्यात, संध्याकाळी येतील, सरांना सांगू नका.