थेट लाभाची वाट कशी पाहावी

(आमगाव तालुक्यातील निराधार, विधवा व वयोवृद्ध लाभार्थींसाठी सूचना)

सर्वप्रथम अभिनंदन. आपण आता 'थेट' लाभार्थी झाला आहात. 1980 पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार योजनेचे, किंवा श्रावणबाळचे, पैसे पूर्वी तहसीलदारांकडे येत. तिथे याद्या बनत, याद्या बँकेत जात आणि बँकेतला बाबू सवड मिळेल तसे एकेकाच्या खात्यात भरत असे. डिसेंबर 2024 पासून हा द्राविडी प्राणायाम थांबवून पैसे डीबीटीने सरळ आधारच्या खात्यात टाकायचं ठरलं. मधली माणसं गेली. त्यांची कामं कुठे गेली हे कुठल्या परिपत्रकात सापडत नाही, म्हणून इथे सांगून टाकतो: ती आपल्याकडे आली. खातं जुळवणं, नाव पडताळणं, लाभार्थी जिवंत आहे की नाही याची खात्री करणं, हे सगळं यापुढे लाभार्थीनेच करायचं आहे. पासष्टी उलटल्यावर, बिनपगारी.

आधी निराधार असण्याची तयारी करा. वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. जुलै 2023 पासून अनुदान 1,500 आहे. दोन्हींत फरक अडीचशेचा. तेव्हा रोवणीच्या दिवसांत चिखलात उतरणार असाल तर मजुरीचा हिशेब मनातल्या मनातही करू नका. ऐन वेळी तलाठ्यापुढे तोंडातून निघतो. रहिवासी दाखला कुणाचा आणायचा, असं कुणी विचारलं तर गोंधळू नका. आमगाव ही ग्रामपंचायत की नगर परिषद, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. आपल्याला पटकन उत्तर सुचलं नाही म्हणून कुणी हसणार नाही.

घरात सून असेल तर एक नाजूक बाब. जुलै 2024 पासून तिला लाडकी बहीण म्हणून पंधराशे मिळतात, आपल्याला निराधार म्हणून पंधराशे. एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोघींपैकी एक लाडकी आणि दुसरी निराधार कशी, यावर घरात चर्चा करू नये. आपण विधवा असून वयात बसता म्हणून दोन्हीकडे नाव घालावं, असंही मनात आणू नये. 2025 च्या सुरुवातीला संजय गांधी योजनेच्या 2 लाख 30 हजार बायकांना लाडकेपणातून कमी केल्याचं सरकारनेच सांगितलं होतं. सुनेला ई-केवायसीसाठी नवऱ्याच्या आधारवरचा ओटीपी लागला, आणि नवरा नागपूरला सेंट्रिंगच्या कामावर, हे तिचं दुःख आहे. त्यात आपलं मिसळू नका. आपल्याला वेगळं आहे.

ते असं. खिडकीवर आपल्याला सांगतील, "माय, तुमचा एनपीसीआय नाई झाला." घाबरू नका, हा आजार नाही. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि आधारला खातं सीड असणं वेगळं. लिंक असलं की बँकेला कळतं, हे आधार तुमचं. सीड असलं की देशभरच्या पेमेंटच्या एका मोठ्या नोंदवहीत चढतं की या आधारवर आलेला पैसा अमुक बँकेकडे पाठवा. या नोंदवहीत एका आधारपुढे एकाच बँकेला जागा असते, आणि शेवटी जिचं नाव चढलं तीच खरी. आपलं आवडतं खातं कोणतं, कोणत्या पासबुकाच्या कव्हरात लक्ष्मीचा फोटो आहे, याच्याशी नोंदवहीला देणंघेणं नाही.

म्हणून एखाद्या दुपारी पेटी उघडून आठवा, आयुष्यात आपण कुठे कुठे अंगठा दिला. 2014 च्या जनधनचं खातं. रोजगार हमीचं. बचत गटाचं. पोस्टमनने दारात येऊन उघडून दिलेलं पोस्टाच्या पेमेंट बँकेचं. नवीन सिम घेताना लावलेला अंगठाही विसरू नका: 2017 मध्ये एका मोबाइल कंपनीने सिमच्या पडताळणीवरच लोकांची बँकखाती उघडली आणि देशभरातल्या कित्येकांची गॅस सबसिडी त्यांना ठाऊकच नसलेल्या खात्यांत जाऊन बसली होती. वाघ नदीकडच्या एका आजीचं असंच झालं. यादीत 'जमा' दिसे, पासबुकात कोरं. "आले म्हनता ना जी, मंग मले काहून नाई दिसत?" हा तिचा प्रश्न तहसीलपासून बँकेपर्यंत सगळ्यांनी ऐकला. पैसे सापडले ते पोस्टात. दर महिन्याला इमानेइतबारे येऊन तिची वाट पाहत बसले होते. आपल्याला हव्या त्या खात्यात ते वळवायचे असतील तर त्या बँकेत आधार सीडिंगचं संमतीपत्र भरून द्या आणि पोच घ्या. पोच मागितल्यावर समोरचा माणूस आपल्याकडे नीट पाहतो. पाहू द्या.

यानंतर अंगठा. चौकातल्या मिनी बँकेत एक चपटं यंत्र असतं, त्यात लाल दिवा लागतो. त्यावर आपला अंगठा आपलाच आहे हे सिद्ध करायचं. या जिल्ह्यात ज्या बायकांनी उभा जन्म रोवणी केली, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला आणि मधल्या वेळात विड्या वळल्या, त्यांच्या अंगठ्यावर रेघ उरत नाही. चालवणारा पोरगा स्वभावाने चांगला असतो. "पदराले पुसा माय. आता ठेवा. एवढं नोको दाबू, हलकं!" उजवा अंगठा झाला, डावा झाला, तर्जनी झाली. मागची रांग गप्प होऊन बघू लागते. माझ्यासमोर एका बाईंची डावी करंगळी लागली. कामाने तेवढंच एक बोट सोडलं होतं. यावरून तरुण लाभार्थींनी बोध घ्यावा आणि पुढच्या हंगामापासून रोवणी करताना एक बोट, शक्यतो करंगळी, चिखलाबाहेर धरावं.

"नाई लागला, परत लावा," असं ऐकलं की मात्र परत लावण्याआधी पावती मागा. पहिल्याच वेळी लागलेला असतो आणि दुसऱ्यांदा दुसरीच रक्कम निघते, असे प्रकार ठिकठिकाणी झाले आहेत. ही एवढी सूचना विनोद समजू नका.

जन्मतारखेचं थोडक्यात सांगतो. आधारवर आपली तारीख 1 जानेवारी असेल. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच आहे. बदलायला जाऊ नका, वय घटेल आणि श्रावणबाळ हातचा जाईल.

वर्षातून एकदा जिवंत असल्याचंही कळवावं लागतं. आपण स्वतः चालत गेलात, खिडकीपाशी उभं राहून बोललात, तरी ते पुरेसं धरलं जात नाही, कागद हवा. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं. त्यात डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. परक्या पोरासमोर डोळे मिचकावायचे म्हणून संकोच करू नका, हे शासकीय काम आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं असेल तर काळा चष्मा काढा, नाहीतर यंत्र आपल्याला हयात मानत नाही.

एवढं सगळं करून पैसे आले नाहीत, तर पूर्वी एक सोय होती: भांडता येत असे. तहसीलमधला बाबू वैतागायचा, चहाला निघून जायचा, पण परत आल्यावर यादीत बोट ठेवून दाखवायचा की हे बघा तुमचं नाव, हा बघा नंबर. त्या यादीपायी महिने अडकत आणि यादी हलवून देतो म्हणून पैसे मागणारेही बाहेर बसलेले असत, हे खरंच आहे. त्या काळाचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. नव्या पद्धतीत पैसे एकदा सुरू झाले की मधल्या कुणाला त्यातलं काही द्यावं लागत नाही, हे कबूल. पण सुरू झाले नाहीत तर? तहसीलवाले म्हणतात, आमच्याकडून गेलं. बँकवाले म्हणतात, आमच्याकडे आलं नाही. सेतूवरचा पोरगा स्क्रीन आपल्याकडे वळवून म्हणतो, प्रोसेसमध्ये दिसते. तिन्ही उत्तरं खरी असतात. खरं बोलणाऱ्या तिघांशी भांडायचं कसं, याचं प्रशिक्षण आपल्याकडे नाही.

अशा वेळी पूर्वजांचं स्मरण करा. संस्कृत नाटककार भवभूतीचं पद्मपूर म्हणजे हे आपलं आमगावजवळचं पदमपूर, असं वा. वि. मिराशींनी मांडलं, आपल्या गावातलं कॉलेज भवभूतीच्याच नावाचं आहे. आज नाही तर पुढे कधीतरी आपली कदर करणारा जन्मेल, काळाला काही तोटा नाही, असा धीर त्याने 'मालतीमाधव'च्या सुरुवातीलाच धरला होता. बीपीच्या गोळ्या त्याला चालू नसाव्यात.

आणि एक दिवस मेसेज येईल. नातवाकडून वाचून घ्या, पण खोडू देऊ नका. वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनात केंद्राचे दोनशे आणि राज्याचे तेराशे असे दोन हिस्से असतात, तेव्हा नुसते दोनशे दिसले तर लगेच रडायला बसू नका. पासबुक भरून घ्या, छपाईचं मशीन चालू असेल तर. एखादे वेळी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात, मधला एखादा महिना राहून जातो. तो कोणता, हे खिडकीवर विचारू नका. विचारलंत की ते आपलं आधार मागतील, पासबुक मागतील, आणि म्हणतील, "माय, पहिले एनपीसीआय पाहून या."