भाऊजींची फोर-व्हील

"वैनी वो, आयकलं का? काल आमची जीप धरनात फसली!"

रात्री नवाच्या सुमाराला ट्रॅक्टरची घरघर आणि साखळीचा खणखणाट आमच्याही कानावर आला होता. तरी मी लाखोरीचं सूप घेऊन कुंपणाशी गेले आणि "काय सांगता!" म्हटलं. बातमी सांगणाऱ्याला आधीच ठाऊक आहे म्हणून सांगितलं, तर तिचा हिरमोड होतो आणि पुढचा तपशील हातचा जातो.

आमच्या दोन घरांमध्ये बेशरमाच्या काड्यांचं कुंपण आहे. इटियाडोह धरणाचं पाणी कालव्यांनी पार वडसा-आरमोरीच्या बांध्यांपर्यंत जातं; गावातल्या बातम्या या कुंपणातून जातात. आम्ही दोघी एकमेकींना वैनीच म्हणतो. मोठी कोण, हा वाद पंचवीस वर्षांत मिटलेला नाही.

आता भाऊजींच्या जीपची ओळख करून द्यायला हवी. महिंद्राची 540, जुन्या घडणीची, सरकारी लिलावात घेतलेली. ती दारात आली त्या दिवसापासून भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची वंशावळ सांगतात. महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याची विलीस, मग 1949 साली मुंबईच्या माझगावात जुळवलेली पहिली देशी विलीस, आणि तिची ही नात. सांगण्याची ऐट अशी, की माझगावच्या त्या बारशाला भाऊजी घुगऱ्या वाटायला होते. पण नातीनं कामं केली हो. धानाची पोती वाहिली, बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या, वडश्याच्या नाटक कंपनीचे पेटी-तबले मंडईच्या जत्रांच्या दिवसांत गावोगाव नेले. आणि प्रत्येक चढावर भाऊजींचं वाक्य ठरलेलं : "आता फोर-व्हील टाकतो, पाहा कशी चढते!" गियरजवळच्या दोन आखूड दांड्यांपैकी एक ते असा ओढत, की आत बसलेली माणसं नुसत्या आवाजानं सावरून बसत.

"पन धरनात नेलीच काऊन?" मी विचारलं.

"भाचा आला ना नागपूरचा! प्रतापगडच्या यात्रेला. नवी गाडी घेऊन. बटन दाबलं का फोर-व्हील लागते म्हने. मग यायच्या अंगात आलं."

उन्हाळी धानाला पाणी सुटलं की धरण काठाकाठानं मागं सरकतं. उघड्या पडलेल्या गाळावर वरून पापडी धरते, भेगा पडतात. पाहणाऱ्याला वाटतं, अंगणच आहे. खाली मात्र पातळ पिठलं. इथलं पोरगंसुद्धा त्या पापडीवर सायकल घालत नाही. पण नदीचं नावच गाढवी; तिच्या पाण्याशेजारी उभं राहून माणसाला नको ती बुद्धी सुचली, तर दोष कोणाला द्यायचा!

"भाच्याची गाडी काठावर उभी. हे म्हनाले, बटनवाल्या गाड्या तिथंच राहू दे, ही पाहा खरी फोर-व्हील! अन घातली खाली. पन्नास पावलं गेली, अन बसली."

"दांडा टाकला होता का?"

"टाकला ना! दोन्ही टाकले. मागची चाकं गरगर फिरून रायली, चिखल पार भाच्याच्या गॉगलवर. अन समोरची चाकं? महादेवासमोरच्या नंदीवानी गपचिप."

मी सूप खाली ठेवलं. यांच्याशी संसार केला म्हणजे अर्धा जीपशीच केला. आमच्या घरचे पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते, तीस वर्षं जीपवर. पुढची चाकं जोडलेली असताना चिखलात नंदीसारखी बसत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण बोलले नाही. अजून तपशील यायचा होता.

"मग काय केलं?"

"काय करतीन! रेस. अजून रेस. जितकी रेस, तितकी खाली."

इथं आमच्या घरची शिकवण सांगून टाकते. गाडी फसली की पहिलं काम म्हणजे पाय काढून घेणं. चाक जागेवर फिरलं की ते विहीर खणतं. उतरावं, चाकांपुढचा चिखल उकरावा, पळसाच्या फांद्या नाहीतर पोती आत सरकवावी, चारही चाकांची हवा थोडी उतरवावी म्हणजे टायर पसरतो आणि धरतो. मग लो गियरमध्ये, आलो त्याच चाकोरीनं, हळूच मागं. भाऊजींनी यातलं काहीही केलं नाही. जीप डिफ्रेंशियलच्या गोळ्यावर टेकली तेव्हा ते थांबले, तेही ती बंद पडली म्हणून.

"भाच्यानं दोर आनला. बंपरले बांधला अन वढला." वैनींनी पदर तोंडाला लावला. "बंपर गेला ना वर, गाडीसंगं! हे तिथंच."

दोर बंपरला बांधायचा नसतो; बंपर शोभेचा, ओढ सोसते ती चासी. हे गावातल्या लग्नाच्या वयाच्या प्रत्येक पोराला सांगायला हवं. शेवटी गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतला एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. 1972 पासून ही माणसं इथं आहेत, आपल्यासारखाच धान पिकवतात, हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकायला जातात. त्याचं मराठी वैनींच्या भाच्यापेक्षा चांगलं, असं वैनीच म्हणाल्या.

त्यानं येताच आधी बघ्यांना लांब पिटाळलं. साखळीच्या सरळ रेषेत कोणी उभं राहायचं नाही, आणि ती ओलांडायची तर मुळीच नाही. ताणलेली साखळी तुटली तर गोफणीसारखी येते. मग चासीच्या हुकाला साखळी लावली, मधोमध ओलं पोतं टाकलं. तुटलीच तर ते पोतं तिचा जोर खातं. ट्रॅक्टर काठावरच्या घट्ट मुरमावर ठेवला आणि झटका न देता, साखळी ताठ झाल्यावर इंचाइंचानं ओढ घेतली. म्हशीचं रेडकू सुटतं तशी जीप सुटली म्हणे. आधी काहीच नाही, मग एकदम.

तिथून घरापर्यंत टोचन. हा शब्द मला फार आवडतो. साहेबाच्या 'टो' आणि 'चेन'ची आपल्या ड्रायव्हर लोकांनी अशी गाठ मारली, की आता तो साहेबाला ओळखू येणार नाही. टोचनचेही नियम आहेत. मागच्या गाडीचा गियर न्यूट्रल, स्टेअरिंगवर जाणता माणूस, आणि ब्रेक मागच्यानं मारायचा, म्हणजे साखळी ढिली पडत नाही आणि मागची गाडी पुढच्यावर आदळत नाही. लांब जायचं असेल तर मागच्या एक्सलकडे जाणारा फिरता दांडा, म्हणजे मागचा प्रोपेलर, खोलून ठेवावा. इंजिन बंद असताना गियरबॉक्समध्ये तेल खेळत नाही, आतले दाते कोरडे फिरतात.

"स्टेअरिंगवर कोन होतं?"

"हेच. ट्रॅक्टरवाल्यानं अर्ध्या वाटेत दोनदा उतरून ब्रेक कोनता ते इचारलं."

इतक्यात आमच्या घरचे चहा संपवून कुंपण वळसा घालून पलीकडे गेले. हातात पाना, डोक्याला फडकं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण बंद पडलेली जीप दिसली की यांचं वय उतरतं. आम्ही दोघी कुंपणापाशीच थांबलो. त्यांनी आधी डिझेलची टाकी पाहिली.

"भाऊ, टाकीत डिझेल किती होतं?"

"असंन पाच लिटर," भाऊजी म्हणाले.

"गाडी कलली, डिझेल एका बाजूला गेलं, लाइननं एअर घेतला. इंजिनला काही झालं नाही." असं म्हणून त्यांनी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप मारला, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागल्यावर स्क्रू आवळला. दोन सेल्फ मारताच जीप खोकली आणि सुरू झाली. भाऊजींनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच केलं.

मग हे खाली पसरले. डिफ्रेंशियलचा नट थोडा सैल करून बोटावर तेल घेतलं. "पाहा, दुधाच्या चहासारखं झालंय. पाणी गेलं आत. तापलेला डिफ्रेंशियल गार पाण्यात बुडाला की हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. सगळं काढून नव्वद नंबरचं नवं भरा, आजच. नाहीतर बेअरिंगं खाईल." पाटे पाहिले, शॅकलच्या बुशा पाहिल्या, ग्रीसच्या निपलांवरची माती खरवडली. "ग्रीसगन कधी लावली होती?"

भाऊजी गप्प.

मग जीपच्या पुढच्या अंगाला सरकल्याचा आवाज आला. थोडा वेळ काहीच नाही. मग खालून शांत प्रश्न आला.

"भाऊ, पुढचा प्रोपेलर कुठं हाय?"

गियरच्या डब्यापासून पुढच्या एक्सलपर्यंत जो फिरता दांडा जातो, तो पुढचा प्रोपेलर. तो नसेल तर वरचा दांडा ओढा की देवळातली घंटा ओढा, पुढच्या चाकांना काही कळत नाही. भाऊजींनी डोकं खाजवलं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या सांध्यातला क्रॉस वाजतो म्हणून एका गॅरेजवाल्यानं तो काढून हातात दिला होता : "आपल्या रोडवर काय काम याचं, डिझेल वाचंल, नवा क्रॉस आला का लावू." क्रॉस आणायचा राहिला. म्हणजे सहा वर्षं, प्रत्येक चढाला, "पाहा कशी चढते" म्हणत भाऊजी रिकामा दांडा ओढत होते आणि जीप मागच्या दोन चाकांवर चढत होती. लो गियर तेवढा खरा होता, त्यामुळे आवाज दमदार यायचा. आम्ही सगळे विश्वासानं सावरून बसायचो.

"अन मग तो ठेवला कुठं?" हे बाहेर येत म्हणाले.

भाऊजींनी वैनींकडे पाहिलं. वैनींनी माझ्याकडे. मग त्यांची नजर हळूच कुंपणाच्या बुडाशी गेली. तिथं त्यांचं वासरू बांधलेलं होतं. अर्धा हात जमिनीवर आलेल्या, डोकं घणानं चेपलेल्या एका लोखंडी खुंट्याला.

"घरात पायात येऊन रायला होता वो," वैनी कुजबुजल्या. "लाकडाचे खुंटे वाळवी खाते. हा पाहा, सहा वर्षांत जरासा हलला नाही. चार वासरं झाली याच्यावर."

यांनी वासरू सोडलं, खुंटा हलवून पाहिला, वाकून वरची खाच तपासली. "हा आता खुंटाच," त्यांनी निकाल दिला. "घणानं तोंड चेपलंय, आतले दाते गंजले. भंगार बाजारात दुसरा पाहावा लागंल. आणि भाऊ, तो आला की महिन्यातून एकदा फोर-व्हील टाकून चार-पाचशे पावलं चालवा. मातीवर चालवा, कोरड्या डांबरावर नाही. वळताना पुढच्या-मागच्या चाकांचं अंतर सारखं पडत नाही. माती थोडं घसरू देते, डांबर देत नाही, मग सगळा पीळ गियरांत बसतो अन दांडा अडकतो."

भाऊजींनी मान डोलवली. वैनींनी वासरू पुन्हा त्याच खुंट्याला बांधलं.

तुमच्या दारातही एखादी जुनी फोर-व्हील असेल, तर पाहुण्यांना दांडा ओढून दाखवण्याआधी एकदा वाकून खाली बघा. पुढचा प्रोपेलर दिसला नाही, तर गॅरेजवाल्याला शिव्या घालू नका. आधी गोठ्यात शोधा.