सोन्याचा नारळ कसा मिळवावा
(अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या होतकरू प्रशिक्षकांसाठी मार्गदर्शिका)

अभिनंदन! अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठात फुटबॉलचं हेड कोच व्हायचं तुम्ही ठरवलंय. कोल्हापूरच्या पेठांमध्ये रंगतो तो फुटबॉल वेगळा. इथे चेंडू लंबगोल असतो, खेळाडू शिरस्त्राण घालून एकमेकांवर आदळतात आणि दर शनिवारी पेन स्टेटसारख्या ठिकाणी लाखभर माणसं तुमची अक्कल काढायला जमतात. कित्येक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा असा कोचच असतो. गव्हर्नर बिचारे त्याच्या आसपासही नसतात.

या नोकरीला शाश्वती नाही, असं तुम्हाला कुणी सांगेल. घाबरू नका. नोकरीला नसली तरी करारनाम्याला आहे. जिंकायचं कसं ते इतर पुस्तकांत वाचा. इथे आपण हरल्यावरची सोय बघू.

१. आधी एजंट गाठा. डावपेच नंतर शिकता येतील. या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे जिमी सेक्स्टन. निक सेबन, कर्बी स्मार्ट, लेन किफिन, जिम्बो फिशर ही सगळी त्यांचीच गिऱ्हाइकं. एक कोच जागचा हलला, किंवा हलणार अशी नुसती कुजबुज झाली, की बाकीच्यांचे पगार वाढतात. तेव्हा कुजबुज चालू ठेवा.

२. करार दहा वर्षांचा मागा. संकोच करू नका, समोरची मंडळी घाईत असतात. टेक्सास ए अँड एमने २०१७ मध्ये फिशर यांना दहा वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर कबूल केले आणि वर राष्ट्रीय विजेतेपदाचा एक फलकही भेट दिला. त्यावर साल तेवढं कोरायचं ठेवलं होतं. ते आजही कोरायचंच आहे.

३. पहिला आनंद ओसरायच्या आत मुदतवाढ घ्या. विजय झालाच पाहिजे असंही नाही. नोत्र दामच्या चार्ली वाइस यांचा संघ २००५ च्या ऑक्टोबरमध्ये यूएससीकडून ३४-३१ असा हरला, पण इतका छान हरला की त्याच महिन्यात त्यांना दहा वर्षांचा नवा करार मिळाला. तो त्यांचा पहिलाच हंगाम होता. २००९ मध्ये त्यांना काढलं आणि पुढे २०१५ पर्यंत विद्यापीठ त्यांना पैसे देत राहिलं, एकूण जवळपास १ कोटी ९० लाख डॉलर. हरावं तर असं.

४. करारातलं ‘दुसरी नोकरी’ हे कलम भिंग लावून वाचा. काढून टाकल्यावर तुम्ही दुसरीकडे कमावलंत तर ती रक्कम इथल्या देण्यातून, म्हणजे ‘बायआउट’मधून, वजा होणार का? फिशर यांच्या करारात अशी वजाबाकी नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना घरी पाठवलं तेव्हा देणं निघालं साडेसात कोटी डॉलरहून जास्त, आणि हप्ते २०३१ पर्यंत. आता दुसरं टोक बघा. २०२५ मध्ये पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना काढलं तेव्हा त्यांचं देणं ४ कोटी ९० लाखांच्या घरात होतं. पण त्यांच्या करारात वजाबाकी होती आणि गृहस्थ कष्टाळू निघाले. सव्वा महिन्यातच व्हर्जिनिया टेकची नोकरी धरली आणि देणं ९० लाखांवर मिटलं. घरी बसून राहण्याला एवढा भाव दुसऱ्या कुठल्याही व्यवसायात नाही. घाई करू नका.

५. भाषा घोटून ठेवा. रोजच्या वापराला तीन वाक्यं पुरतात: ‘आम्ही एका वेळी एकाच सामन्याचा विचार करतो’, ‘फिल्म बघितल्याशिवाय बोलणार नाही’ आणि ‘एक्झिक्यूशन कमी पडलं’. तिसऱ्या वाक्याचा अर्थ असा, की योजना माझी होती आणि ती उत्तमच होती. हरली ती पोरं. दुसऱ्या नोकरीबद्दल विचारलं तर ठाम नकार द्या. २००६ च्या डिसेंबरमध्ये सेबन यांनी आपण अलाबामाला जाणार नाही असं निक्षून सांगितलं आणि जानेवारीत ते अलाबामाला गेले. नव्या गावी मात्र बोली जपून उचला. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेले ब्रायन केली २०२१ मध्ये लुइझियानाच्या एलएसयूला आले आणि पहिल्याच जाहीर भाषणात ‘फॅमिली’ हा शब्द असा काही दाक्षिणात्य हेल काढून उच्चारला की गावाला तो पुढची चार वर्षं पुरला.

६. दुबळ्या पाहुण्याला पैसे मोजून हरायला बोलवा. ही जुनी प्रथा आहे: मोठ्या विद्यापीठाने लहान विद्यापीठाला मानधन द्यायचं, त्याने येऊन मुकाट्याने मार खायचा. मात्र हा करार पाहुण्यांनाही वाचायला लावा. मिशिगनने २००७ मध्ये ॲपलाचियन स्टेटला चार लाख डॉलर देऊन बोलावलं आणि ३४-३२ असा पराभव विकत घेतला.

७. सहायक भरपूर ठेवा. सामने हरू लागले की एकेक करून काढता येतात. आधी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, मग डिफेन्सिव्ह. दर वेळी ‘हा निर्णय फार जड गेला’ असं म्हणा. सगळे संपले की लोकांची नजर तुमच्याकडे वळेल. तोपर्यंत एखादा हंगाम निघून जातो.

८. ‘आमचा कोचवर पूर्ण विश्वास आहे’ असं क्रीडा संचालकांनी जाहीर केलं की घराचं भाडं किती येईल याची चौकशी सुरू करा. आणि कॅलेंडर बघा. नेब्रास्काच्या स्कॉट फ्रॉस्ट यांना २०२२ मध्ये १ ऑक्टोबरनंतर काढलं असतं तर देणं दीड कोटीवरून निम्म्यावर येणार होतं. सप्टेंबरात जॉर्जिया सदर्नने त्यांना ४५-४२ असं घरच्या मैदानावर हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी, ११ तारखेला, त्यांना नारळ मिळाला. वीस दिवस कळ काढण्यापेक्षा विद्यापीठाला पाऊण कोटी डॉलर स्वस्त वाटले. हरायचा मुहूर्त असा साधता आला पाहिजे.

९. जिंकून वाचाल या भ्रमात राहू नका. फ्लोरिडाच्या बिली नेपियर यांनी १८ ऑक्टोबर २०२५ ला मिसिसिपी स्टेटला २३-२१ असं हरवलं. १९ तारखेला त्यांना काढलं. फ्रँकलिन त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्रीय उपांत्य फेरीत होते, तरी ऑक्टोबरात सलग तिसरा पराभव झाल्यावर एक दिवसही टिकले नाहीत. त्या तिन्ही सामन्यांत मिळून गुणांचं अंतर किती, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

१०. तुम्हाला नेमणाऱ्याचीही काळजी करा. स्कॉट वुडवर्ड यांनी टेक्सास ए अँड एममध्ये क्रीडा संचालक असताना फिशर यांना आणलं. मग ते एलएसयूला गेले आणि केली यांना आणलं, दहा वर्षं, साडेनऊ कोटी. २०२५ च्या ऑक्टोबरात केली गेले, सुमारे ५ कोटी ४० लाखांचं देणं मागे ठेवून. गव्हर्नर जेफ लँड्री कडाडले, पुढचा कोच वुडवर्ड निवडणार नाहीत म्हणाले. त्याच आठवड्यात वुडवर्ड गेले. तेही रिकाम्या हाताने नाही.

११. अपमान गिळा, तो पचला की पैसा होतो. २०१३ मध्ये ॲरिझोना स्टेटने यूएससीला ६२ गुण ठोकले आणि परतल्यावर पहाटे विमानतळावरच लेन किफिन यांना निरोप मिळाला. उरलेल्या कोचमंडळींनी त्यातून धडा घेतला, किफिन यांनी अनुभव घेतला. २०२५ मध्ये त्यांचा ओल मिस संघ अकरा सामने जिंकून प्लेऑफला निघाला असताना ते संघ तिथेच सोडून एलएसयूला गेले, वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाखांवर. म्हणजे एलएसयू एका कोचला शिकवण्याचे पैसे देतं आणि दुसऱ्याला न शिकवण्याचे.

हा पैसा येतो कुठून, असा कुत्सित प्रश्न कुणी विचारील. सांगा, की तो क्रीडा विभागाचा आणि दानशूर माजी विद्यार्थ्यांचा आहे, फीचा नव्हे. तेच दानशूर तुम्हाला काढा म्हणून ओरडतात आणि काढण्याचा खर्चही तेच उचलतात. इतका प्रामाणिक विरोधक राजकारणातही सापडायचा नाही.

राहता राहिला खेळाडूंचा प्रश्न. त्यांचीही आबाळ नाही. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आहे. पहिल्या वर्षाची मर्यादा होती २ कोटी ५ लाख डॉलर, एका विद्यापीठातल्या सगळ्या खेळांच्या सगळ्या खेळाडूंत मिळून. फिशर यांना घरी बसण्यासाठी जे कबूल झालं, त्यात एवढ्या सगळ्या पोरापोरींचं साडेतीन वर्षांहून जास्त भागलं असतं. तेव्हा अर्ज करायचाच तर कोचच्या जागेसाठी करा. खेळाडू व्हायच्या फंदात पडू नका. त्यात गुडघे जातात, आणि गुडघ्यांना बायआउट नसतो.